बांधावरचे विष, प्रयोगशाळेतील पुरावा
विषारी वनस्पती, त्यांतील विषद्रव्ये आणि न्यायवैद्यकशास्त्र

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे एकेकाळचे खेडे. आज त्याच्या चहूबाजूंनी शहर वाढले असले, तरी शेजारच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या आवारात अरवलीच्या खडकाळ टेकाडांचा काही भाग टिकून आहे. या टेकाडांवर आणि आसपासच्या पडीक जागांत रुई, धोतरा, एरंड, घाणेरी, पिवळा धोतरा या वनस्पती आढळतात. रस्त्यांच्या दुभाजकांवर कण्हेर फुललेली दिसते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला यांतील एकही नाव परके नाही. त्याच्या बांधावर, गोठ्यामागे आणि ओढ्याच्या काठी हीच झाडे आहेत.

मुनिरकापासून काही किलोमीटर अंतरावर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र कार्यरत आहे. विषबाधेचा रुग्ण समोर असलेल्या डॉक्टरला किंवा नातेवाइकाला तेथे पहिला प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे काय पोटात गेले? वनस्पतीच्या बाबतीत या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर बहुधा रुग्णालयात नसते; ते गावात, झाडापाशी असते. म्हणूनच हा विषय डॉक्टर आणि पोलीस यांच्याइतकाच कृषी विस्तार कार्यकर्त्याचाही आहे.

वनस्पती विष का तयार करतात?

वनस्पतीला पळता येत नाही. पाने खाणारी अळी, रस शोषणारा किडा आणि चरणारे जनावर यांच्यापासून बचाव करण्यासाठी ती रासायनिक संरक्षण उभारते. धोतऱ्यातील अल्कलॉइड, कण्हेर आणि रुईतील हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड, एरंड व गुंजेच्या बियांतील विषारी प्रथिने, कोवळ्या ज्वारीतील सायनाइड सोडणारे धुरिन ही सारी त्याच संरक्षणाची रूपे आहेत. मनुष्य या संघर्षात नंतर आला.

काही कीटकांनी मात्र या विषांवर मात केली आहे. एरंडीवरील उंटअळी एरंडाची पाने फस्त करते. कण्हेरीची पाने खाऊन हॉकमॉथ कुळातील एका पतंगाची हिरवी अळी पोसली जाते. प्लेन टायगर या फुलपाखराची अळी रुईवर वाढते आणि रुईतील विष स्वतःच्या शरीरात साठवून पक्ष्यांपासून आपला बचाव करते. यातून एक व्यावहारिक बोध मिळतो. ‘पानाला कीड लागली आहे, म्हणजे ते विषारी नसणार’ हा समज धोकादायक आहे. अळीला चालणारे पान शेळीला किंवा मुलाला चालेलच असे नाही.

दिल्ली, ऑगस्ट १९९८

वनस्पतीजन्य विषाने एका महानगराला कसे वेठीस धरले, याचे उदाहरण दिल्लीनेच पाहिले आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये शहरातील रुग्णालयांत पाय सुजलेले, धाप लागलेले आणि उलट्या-जुलाबांनी त्रस्त झालेले रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. अनेकदा एकाच घरातील अनेक माणसे आजारी असत. सुमारे ३००० जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि ६० हून अधिक जण दगावले. हा साथीचा जलशोथ होता. परंतु या साथीचे कारण जंतू नव्हता. घराघरांतील मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले होते.

पिवळा धोतरा नावाने धोतरा असला, तरी तो अफूच्या कुळातला आहे. मूळचा मेक्सिकोकडील हा काटेरी तणवर्ग आज देशभर पसरला आहे. त्याच्या बिया मोहरीसारख्याच काळसर आणि बारीक असतात आणि रब्बी हंगामात मोहरीच्या आगेमागेच पक्व होतात. त्यांच्या तेलात सँग्विनारिन आणि डायहायड्रोसँग्विनारिन ही अल्कलॉइड असतात. ती शरीरातील केशवाहिन्या विस्फारतात आणि त्यांच्या भिंतींतून द्रव झिरपू लागतो. त्यामुळे प्रथम पायांवर सूज येते, नंतर फुप्फुसांत पाणी साचते, हृदय थकते. काही रुग्णांत डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होतो. ही बाधा एका जेवणाने होत नाही; दूषित तेल काही दिवस किंवा आठवडे पोटात गेल्यावर ती उघड होते. त्यामुळे रुग्णाला कारण सांगता येत नाही.

तेलाची तपासणी हा येथील निर्णायक दुवा ठरतो. तेलात तीव्र नायट्रिक आम्ल मिसळून हलवल्यास पिवळ्या धोतऱ्याच्या तेलामुळे नारिंगी-तांबडा रंग येतो. मात्र ही चाचणी ढोबळ आहे; भेसळ अल्प असल्यास ती चुकू शकते. क्रोमॅटोग्राफीने त्याहून कितीतरी सूक्ष्म अंश पकडता येतो. रुग्णाच्या घरातील डब्यातले उरलेले तेल, दुकानातील तेल आणि रुग्णाच्या शरीरातील अंश यांची सांगड बसली, तरच वैद्यकीय संशयाचे कायदेशीर पुराव्यात रूपांतर होते. म्हणूनच घाबरून तेल ओतून टाकणारे कुटुंब नकळत स्वतःच्याच बाजूचा पुरावा नष्ट करते.

शेतीच्या दृष्टीने धडा साधा आहे. मोहरीच्या शेतातील पिवळा धोतरा फुलोऱ्यापूर्वीच उपटावा. बियाणे व गाळपासाठी नेला जाणारा माल भिंगाखाली पाहावा. मोहरीचा दाणा तुलनेने गुळगुळीत असतो. पिवळ्या धोतऱ्याच्या बीवर जाळीदार खळगे स्पष्ट दिसतात.

डोळ्याची बाहुली काय सांगते?

खरा धोतरा भारतीय न्यायवैद्यकात फार जुना आहे. प्रवाशाला अन्नातून धोतऱ्याचे बी देऊन बेशुद्ध करायचे आणि लुटायचे, ही रीत एकोणिसाव्या शतकातील नोंदींत वारंवार येते; इंग्रजी ग्रंथांत त्याला वाटमारीचे विष असेच म्हटले गेले. अशा प्रकरणांच्या उलगड्यासाठी सरकारी रासायनिक परीक्षक नेमण्यास सुरुवात झाली. मद्रासमध्ये १८४९ साली अशी प्रयोगशाळा निघाली आणि मुंबईत १८७० साली. आजची महाराष्ट्रातील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांची यंत्रणा त्याच परंपरेतील आहे.

धोतऱ्यात हायोसायमिन, हायोसिन आणि अ‍ॅट्रोपिन ही अल्कलॉइड असतात. बाधा झालेल्या व्यक्तीचे तोंड कोरडे पडते, त्वचा तापते व लाल होते, नाडी जलद चालते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. ती व्यक्ती असंबद्ध बडबडते, हवेत काहीतरी पकडू पाहते, कपडे चिमटीत धरून ओढते. शुद्धीवर आल्यानंतर मधल्या काळातील आठवण बहुधा राहत नाही. त्यामुळे फिर्यादीचा जबाबच अपुरा राहतो आणि उलटी, लघवी व अन्नाचे अवशेष हेच साक्षीदार होतात.

धोतऱ्याचे बी मिरचीच्या बीसारखे दिसते. फरक असा: धोतऱ्याचे बी मोठे, जाड, मूत्रपिंडाच्या आकाराचे, पिवळसर तपकिरी, पृष्ठभागावर बारीक खळगे असलेले, गंधहीन आणि चवीला कडू असते. मिरचीचे बी लहान, पातळ, फिकट पिवळे, गुळगुळीत आणि तिखट असते. मात्र संशयित बी चाखून पाहू नये. भिंग पुरेसे आहे.

कीटकनाशकांशी या विषाचा संबंध लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाच्या बाधेत चित्र नेमके उलटे असते: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकुंचन पावतात, तोंडातून लाळ गळते, घाम फुटतो, छातीत कफ दाटतो. या बाधेवर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात, म्हणजे धोतऱ्यात असणारेच एक द्रव्य. दुसरीकडे, तीव्र धोतरा-विषबाधेत निवडक रुग्णांना दिले जाणारे फायझोस्टिग्मिन हे पश्चिम आफ्रिकेतील एका विषारी शेंगेतून मिळते आणि त्याच्याच रचनेच्या अभ्यासातून कार्बामेट गटातील कीटकनाशके विकसित झाली. विष आणि उतारा यांतील अंतर मात्रेचे आणि ज्ञानाचे आहे. म्हणून फवारणीच्या बाधेवर गावठी उपाय म्हणून कोणीही धोतरा देऊ नये. झाडातील अल्कलॉइडचे प्रमाण जागा, हंगाम आणि झाडाच्या वयानुसार बदलते. इंजेक्शनमधील मात्रा मोजलेली असते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीदरम्यान झालेल्या विषबाधांनी हे निरीक्षण किती मोलाचे आहे, हे दाखवून दिले. रुग्णाच्या बाहुल्या, लाळ आणि त्वचा यांची पहिल्या तासातील अचूक नोंद डॉक्टरला दिशा देते आणि पुढे प्रकरण न्यायालयात गेल्यास तीच नोंद महत्त्वाची ठरते.

बांधावरील आणखी काही संशयित

कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी: यांच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड असतात, कण्हेरीत ओलिअँड्रिन, बिट्टीत थेवेटिन. मळमळ, उलट्या, मग मंद व अनियमित नाडी आणि हृदयाचे ठोके थांबणे असा क्रम दिसतो. पाने सुकल्यावरही विष कमी होत नाही. उलट सुकलेला पाला जनावरे सहज खातात. कुंपणाची छाटणी करून पाला गोठ्याजवळ टाकणे हा अपघाताचा नेहमीचा मार्ग आहे. श्रीलंकेत बिट्टीच्या बिया खाऊन आत्महत्या करण्याचे प्रमाण १९८० च्या दशकापासून वाढले आणि त्यातून या विषावरील प्रतिपिंड-उपचाराचा मोठा अभ्यास तेथेच झाला.

गुंज: सोनाराच्या तराजूत मानाने बसणारी ही लाल-काळी बी ॲब्रिन नावाचे अत्यंत तीव्र प्रथिन बाळगते. बी अख्खी गिळली गेल्यास कठीण कवचामुळे ती बहुतेकदा तशीच बाहेर पडते. फुटलेली किंवा चावलेली बी घातक ठरते. कातड्यासाठी जनावरे मारण्याकरिता गुंजेच्या लगद्याची टोकदार ‘सुई’ करून ती जनावराच्या अंगात खुपसण्याचा प्रकार जुन्या न्यायवैद्यक ग्रंथांत नोंदलेला आहे. जनावर काही दिवसांनी मरते, जखमेभोवती सूज येते आणि मालकाला सर्पदंश झाला असे वाटते. जखम उघडून त्यातील सुईचा तुकडा शोधणे हाच येथे निर्णायक पुरावा असतो. जनावर घाईने पुरले, तर तो कायमचा हरवतो.

एरंड: तेल काढल्यावर रिसिन हे विषारी प्रथिन तेलात उतरत नाही, ते पेंडीत राहते. म्हणून योग्य उष्णता-प्रक्रिया न झालेली एरंडी पेंड खत म्हणून वापरताना कुत्री, कोंबड्या व जनावरे यांना तिच्यापासून दूर ठेवावे. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये लंडनमध्ये बल्गेरियन लेखक गिऑर्गी मार्कोव्ह यांच्या मांडीत दोन मिलिमीटरपेक्षाही लहान धातूची गोळी शिरवली गेली आणि चार दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. तज्ज्ञांनी लक्षणे व गोळीतील पोकळीचे आकारमान यांवरून रिसिनचा निष्कर्ष काढला. आज लघवीतील रिसिनिन हे लहान अल्कलॉइड एरंडाच्या संपर्काची खूण म्हणून शोधता येते.

कळलावी: पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या या सुंदर वेलीच्या कंदात कोल्चिसिन असते. पीक पैदाशीत गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी वापरले जाणारे हेच द्रव्य शरीरातील पेशींचे विभाजनही थांबवते. कंद रताळ्यासारखा वाटून खाल्ला जातो. सुरुवातीचे उलट्या-जुलाब पटकीसारखे वाटतात. वाचलेल्या रुग्णाचे केस एक-दोन आठवड्यांनी गळू लागतात आणि हे लक्षण निदानाला पुष्टी देते.

कोवळी ज्वारी: पाण्याचा ताण पडलेले किंवा कापणीनंतर फुटलेले पोंगे खाल्ल्याने जनावरांना किराळ लागते. मृत्यू काही मिनिटांत येऊ शकतो. रक्त चकचकीत लाल दिसते. सायनाइड उडून जाणारे असल्याने कोठीपोटातील अन्नाचा नमुना हवाबंद व अतिथंड ठेवला नाही, तर प्रयोगशाळेत काहीच सापडत नाही. मग शेजाऱ्याने विष घातल्याचा संशय निराधारपणे टिकून राहतो आणि गावात वैर वाढते.

खोट्या जखमा

काही वनस्पती जीव घेण्यासाठी नव्हे, तर खोटी फिर्याद उभी करण्यासाठी वापरल्या जातात. बिब्ब्याचा रस, रुईचा चीक किंवा चित्रकाचे मूळ त्वचेवर लावल्यास माराच्या वळासारखा डाग उठतो. डॉक्टर तो ओळखतात. खऱ्या माराचा डाग दिवसागणिक रंग बदलतो आणि खाजत नाही. बिब्ब्याच्या डागाला खाज सुटते, त्याच्या कडेला बारीक फोड येतात, तो हाताला पोहोचेल अशाच जागी असतो आणि बऱ्याचदा फिर्यादीच्या बोटांवर व नखांवरही त्याच्या खुणा सापडतात.

कीटकांची साक्ष

मृतदेह उशिरा सापडला, तर रक्त व लघवी मिळत नाही. अशा वेळी शरीरावर वाढणाऱ्या माश्यांच्या अळ्या उपयोगी पडतात. त्यांनी खाल्लेल्या ऊतकांतील विष त्यांच्या शरीरात उतरते. १९८० मध्ये अमेरिकेतील एका प्रकरणात अळ्यांमधून झोपेचे औषध ओळखले गेले आणि १९८९ मध्ये हवाई येथील प्रकरणात मॅलॅथिऑन. विषामुळे अळ्यांची वाढही बदलते: काही द्रव्ये तिला वेग देतात, काही लांबवतात, कीटकनाशकामुळे माश्या अंडी घालण्यासच उशीर करतात. म्हणून अळीच्या वयावरून मृत्यूची वेळ ठरवताना विषाचा विचार करावाच लागतो.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

दशपर्णी अर्कात कण्हेर, रुई, एरंड, घाणेरी, सीताफळ यांची पाने वापरली जातात. हा अर्क किडींवर परिणाम करतो तो याच विषद्रव्यांमुळे. तरीही तो उघड्या हातांनी ढवळला जातो, घरातील भांड्यात भिजवला जातो आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत साठवला जातो. अर्क करताना हातमोजे व चष्मा वापरावा. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते. भांडी वेगळी ठेवावीत, बाटलीवर नाव व तारीख लिहावी आणि ती मुलांच्या हाताबाहेर, कुलपात ठेवावी.

विषबाधेचा संशय आल्यास

१. रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे, रुग्णवाहिकेसाठी १०८. राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क दूरध्वनी १८०० ११६ ११७ असा आहे.

२. मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. दूध, तूप, लिंबू देऊ नये. बेशुद्ध व्यक्तीला कुशीवर निजवावे. डोळ्यात चीक गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे.

३. संशयित वनस्पतीची पान, फूल, फळ व बी यांसह फांदी कागदात गुंडाळून सोबत न्यावी. जागेवरच छायाचित्र घ्यावे. स्थानिक नावावर विसंबू नये. ‘कण्हेर’ आणि ‘बिट्टी’, ‘धोतरा’ आणि ‘पिवळा धोतरा’ ही वेगवेगळी झाडे आहेत.

४. उलटी, उरलेले अन्न, तेल किंवा चारा स्वच्छ काचेच्या बाटल्यांत वेगवेगळे ठेवावे. एकत्र मिसळू नये, फॉर्मालिन घालू नये. भांडी धुऊ नयेत.

५. काय, केव्हा, किती खाल्ले आणि पहिले लक्षण किती वाजता दिसले, हे लिहून ठेवावे. बाहुल्या मोठ्या की लहान, तोंड कोरडे की लाळ, नाडी जलद की मंद, याची नोंद करावी.

६. मृत्यू झाल्यास वस्तूंना हात न लावता पोलिसांना कळवावे. पंचनामा, मोहोरबंद मुद्देमाल आणि कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची अखंड नोंद नसेल, तर प्रयोगशाळेचा अचूक अहवालही न्यायालयात दुबळा ठरतो. जनावराच्या बाबतीत पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन होईपर्यंत ते पुरू नये.

शवविच्छेदनात व्हिसेरा सामान्यतः मिठाच्या संपृक्त द्रावणात राखला जातो. फॉर्मालिनने ऊतके कठीण होतात आणि विष वेगळे काढणे अवघड जाते. प्रयोगशाळेत ‘सर्वच विषे’ शोधणारी एकच चाचणी नसते. ‘अज्ञात विष’ असे लिहून आलेला नमुना नेहमीच्या तपासण्यांतून जातो आणि गुंजेसारखे प्रथिन किंवा कळलावीतील अल्कलॉइड त्यांतून निसटू शकते. त्याच नमुन्यासोबत वनस्पतीचे खात्रीचे नाव आले, तर विश्लेषक त्याच द्रव्याचा शोध घेतो.

हे नाव सांगू शकणारा माणूस गावात असतो. तणांची ओळख असलेला कृषी सहायक, बांधावरील प्रत्येक झुडूप जाणणारा शेतकरी, गुराखी किंवा शाळेतील शिक्षक यांच्या एका अचूक ओळखीमुळे रुग्णाला वेळेवर योग्य उपचार मिळू शकतो, आणि निर्दोष माणसावरचा संशयही दूर होऊ शकतो. खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यांत तणांच्या ओळखीचा जो तास घेतला जातो, त्यातच गावातील विषारी वनस्पतींचे नमुने, त्यांच्या बिया आणि वरील सहा सूचना दाखवण्यास वेगळा खर्च लागत नाही.